मुलाला आधी ‘नको’ म्हणता यायला हवं : ऑटिझम सेंटरमध्ये नव्याने कामाला लागणाऱ्या बिहेवियर थेरपिस्टसाठी

मानसशास्त्रात बी.ए. किंवा एम.ए. होतं आणि पुणे, ठाणे, नाशिकमधल्या एखाद्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरमध्ये ‘बिहेवियर थेरपिस्ट’ म्हणून नोकरी लागते. थोडं ट्रेनिंग होतं, काही सेशन नुसती बघायला मिळतात. मग एके दिवशी साडेतीन-चार वर्षांचं, अजून न बोलणारं मूल, खेळण्यांचा डबा आणि कोरी डेटा शीट घेऊन तुम्ही एका लहानशा खोलीत असता. बाहेर आई बसलेली असते. त्या खोलीत नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे इथे सविस्तर लिहिते आहे.

बहुतेक नवी माणसं मुलाला खुर्चीत बसवण्यापासून सुरुवात करतात. मूल बसलं, डोळ्यांत बघितलं, ‘टाळी वाजव’ म्हटल्यावर टाळी वाजवली की सेशन चांगलं झालं असं त्यांना वाटतं, आईवडिलांनाही वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. मुलाला सगळ्यात आधी मागता आलं पाहिजे आणि नाकारता आलं पाहिजे. ज्याला ‘हवं’, ‘नको’, ‘संपलं’, ‘मदत’ एवढं सांगता येतं, मग ते शब्दाने असो, खुणेने असो की चित्राने, त्याच्या रडण्या-चावण्याची बरीच कारणं तिथेच संपतात. बाकीचं शिकवणं मग सोपं होतं.

काम कोणतं आणि कोणाचं

तुमची जागा कुठे आहे हे पहिल्या दिवशीच नीट समजून घ्या. मुलाचं मूल्यमापन, ध्येयं आणि कार्यक्रम ठरवणं हे सुपरव्हायझरचं काम. तो कार्यक्रम मुलाबरोबर रोज प्रत्यक्ष चालवणं आणि जे घडलं ते खरं लिहून ठेवणं हे तुमचं. त्याच मुलाबरोबर स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञ यांपैकी कोणी ना कोणी काम करत असतं. निदान सांगणं, औषधाबद्दल मत देणं, ‘गहू-दूध बंद करून बघा’ म्हणणं, ‘वर्षभरात बोलेल’ असा शब्द देणं यातलं काहीही तुमच्या अखत्यारीत नाही. आई कळवळून विचारेल तेव्हाही नाही. ‘हे सुपरव्हायझर मॅडमना विचारू या, मी आजच त्यांच्या कानावर घालते’ हे उत्तर प्रामाणिक आहे आणि पुरेसं आहे.

फाइलमध्ये ‘इसा’चा रिपोर्ट दिसेल. ही ऑटिझम मोजण्याची भारतीय श्रेणी आहे. तिच्यात 40 बाबी आहेत. 70 ते 106 गुण म्हणजे सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि 153 च्या वर तीव्र. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हा आकडा लागतो. मूल कशाने हसतं, कशाला घाबरतं, पाणी हवं असेल तर काय करतं, हे मात्र त्यात नसतं, आणि तुम्हाला तर तेच हवं आहे. म्हणून रिपोर्ट वाचा, पण आकड्यावरून मुलाबद्दल मत बनवून खोलीत जाऊ नका.

शिक्षण, नोंदणी आणि नोकरीची पारख

भारतात दिव्यांगांसोबत काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, करते. 1992 च्या कायद्याने ती वैधानिक संस्था झाली. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना तिच्याकडे नोंद करावी लागते. नोंदणी नसताना यांपैकी कोणतंही पद नावापुढे लावू नका. सेंटरने व्हिजिटिंग कार्डावर छापून दिलं तरी नाही. याच क्षेत्रात राहायचं असं पक्कं ठरलं असेल, तर ऑटिझमवरचा आरसीआय-मान्य विशेष शिक्षणाचा डिप्लोमा किंवा विशेष बी.एड. करणं हा आपल्याकडचा भक्कम रस्ता आहे.

इंटरनेटवर शोधलं की ‘आरबीटी’ (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन) हे नाव सतत समोर येतं. हे अमेरिकेतल्या बीएसीबी या मंडळाचं सुरुवातीच्या पातळीचं प्रमाणपत्र. वय किमान 18, शालेय शिक्षण पूर्ण, 40 तासांचं प्रशिक्षण, प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी आणि मग परीक्षा असा त्याचा क्रम आहे. नंतरही दर महिन्याच्या कामाच्या किमान 5 टक्के तासांवर सुपरव्हायझरची देखरेख लागते. पण 2023 पासून या मंडळाने भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेणं बंद केलं आहे. त्यामुळे ‘आमचा कोर्स करा, आरबीटी व्हा’ अशी जाहिरात इथे दिसली तर पैसे भरण्यापूर्वी नीट चौकशी करा. 40 तासांचा अभ्यासक्रम ज्ञान म्हणून उपयोगी आहे, पण तो म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. अमेरिकेत राहणाऱ्या आणि काम करण्याचा परवाना असलेल्या मराठी मंडळींना मात्र हा मार्ग खुला आहे.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही प्रश्न विचारा. कार्यक्रम कोण लिहितं? सुपरव्हायझर सेशनमध्ये येऊन बसतात की फक्त फाइल बघतात? आईवडिलांना सेशन बघता येतं का? मूल रडायला लागलं तर इथे काय करतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार लक्ष देऊन ऐका. ‘रडू द्यायचं, दमलं की बसतं’ असं कोणी सहज म्हणालं तर ती नोकरी घेऊ नका. दार बंद ठेवणारी, प्रत्येक मुलाला एकच छापील कार्यक्रम देणारी आणि ‘ऑटिझम पूर्ण बरा करतो’ म्हणणारी जागाही नको. ऑटिझम हा आजार नाही, तो बरा करायचा नसतो. मुलाचं जगणं सोपं करायचं असतं.

पहिल्या सेशनआधी

आईवडिलांशी अर्धा तास बोला. घरात कोण कोण आहे आणि मूल त्यातल्या कोणाकडे जातं, झोप कशी आहे, काय खातं, कोणत्या आवाजाने कान झाकतं (कुकरची शिट्टी, मिक्सर, ढोल-ताशा, हाताला गरम हवा मारणारं यंत्र), दार उघडं दिसलं की पळतं का, खडू-माती-कागद तोंडात घालतं का, हे सगळं विचारा. आणि फिट येतात का, हे विसरू नका. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. फिट 5 मिनिटांपेक्षा जास्त चालली तर थेट हॉस्पिटल. हा नियम खोलीच्या भिंतीवर लिहून लावा.

कपड्यांचंही सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. केस बांधलेले, नखं कापलेली, ओढणी पिन केलेली किंवा नसलेलीच, मंगळसूत्र कपड्यांच्या आत, लोंबते कानातले घरी. जमिनीवर बसता-उठता येईल असा पोशाख. उग्र अत्तर नको. काही मुलांना त्या वासानेच खोली नकोशी होते.

सुरुवातीचे दिवस : काही मागू नका

पहिले काही दिवस, कधी आठवडा, कधी दोन, मुलाकडून काहीही करून घ्यायचं नाही. याला सेंटरमध्ये ‘पेअरिंग’ म्हणतात. अर्थ असा की तुम्ही आणि मुलाच्या आवडत्या गोष्टी हे समीकरण त्याच्या मनात जुळायला हवं.

करायचं असं. खोलीत तीन-चार गोष्टी मांडा: फुगे सोडायची बाटली, चावीचा भोवरा, पाण्याचं टब, दिवा लागणारा बॉल. मूल कशाकडे जातं, किती वेळ थांबतं, कशाला परत हात लावतं हे बघून लिहून घ्या. मग तो ज्याच्याशी खेळतोय तिथे जाऊन खेळ आणखी मजेचा करा. गाड्या रांगेत लावत असेल तर पुढची गाडी तुम्ही हातात द्या; रांग मोडू नका, ‘असं नाही, अशी चालवायची’ असं शिकवू नका. प्रश्न विचारू नका. ‘हे काय आहे? कोणता रंग? बाय कर, बाय कर!’ हा सगळा मारा थांबवा. जे चाललंय त्याचं एक-दोन शब्दांत वर्णन करा: ‘गाडी… धडाम!’ आणि गप्प बसा.

पेअरिंग झालं हे कसं ओळखायचं? तुम्ही खोलीत आल्यावर मूल जवळ येतं. तुमचा हात धरून बाटलीपाशी नेतं. तुम्ही दोन पावलं मागे गेलात तर वळून बघतं. यातलं काहीच दिसत नसेल तर कार्यक्रम सुरू करायची घाई करू नका आणि ‘अजून वेळ हवा’ असं सुपरव्हायझरना स्पष्ट सांगा. फी भरणाऱ्या आईवडिलांना हे दिवस ‘नुसतं खेळणं’ वाटतात. त्यांना आत बोलवा, बसवा आणि काय बघायचं ते दाखवा.

खाऊबद्दल सावध राहा. कुरमुरे, मनुका, चिप्सचा तुकडा यांनी मूल पटकन प्रतिसाद देतं, म्हणून नवे लोक तेवढ्यावरच राहतात. खाऊ लागलाच तर थोडा, घरच्यांच्या संमतीने आणि सोबत खेळ व कौतुक जोडून. मुलाला भुकेलं ठेवून सेशनला आणायला सांगणं हा अपराध समजा.

मागायला आणि नाकारायला शिकवणं

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1957 साली भाषेची मांडणी ती कशासाठी वापरली जाते यावरून केली. मागण्यासाठी वापरलेल्या भाषेला त्यांनी ‘मँड’ म्हटलं, दिसलेल्या गोष्टीचं नाव सांगण्याला ‘टॅक्ट’. हा फरक रोजच्या कामात फार मोलाचा आहे. चित्रातला चेंडू दाखवून ‘बॉल’ म्हणणारं मूल चेंडू हवा असताना ‘बॉल’ म्हणेलच असं नाही. दोन्ही वेगवेगळं शिकवावं लागतं, आणि मागणं आधी.

फुग्यांच्या बाटलीचंच उदाहरण घेऊ. दोन-तीनदा फुगे सोडा, मूल खुश आहे. आता झाकण घट्ट लावा आणि बाटली त्याच्यासमोर धरा. तो तुमच्याकडे बघेल, हात ओढेल, बाटली पुढे ढकलेल. थोडं थांबा, मनात तीनपर्यंत मोजा. मग ‘उघड’ हा शब्द म्हणा, किंवा त्याच्यासाठी ठरलेली खूण त्याचा हात हलकेच धरून करवून घ्या, किंवा चित्र त्याच्या हातातून तुमच्या तळहातावर येऊ द्या. लगेच झाकण उघडा, फुगे सोडा. लगेच म्हणजे त्याच क्षणी. ‘परत म्हण, नीट म्हण, मोठ्याने म्हण’ करत बसलात तर मागण्याचा फायदा त्याला कळणारच नाही. ‘उ’ एवढाच आवाज आला तरी आजच्यापुरता तो चालतो.

न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रं देऊन मागण्याची ‘पेक्स’ पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये तयार केली. तिच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं लागतात: एक समोर बसून चित्र घेणारं, दुसरं मागून मुलाचा हात हलकेच नेणारं. एकट्याने करू नका, बिघडते. ‘चित्र दिलं तर मूल बोलणारच नाही’ ही भीती घरोघरी असते. चित्रं किंवा टॅबलेटवरचं अॅप वापरल्याने बोलणं थांबत नाही. मुलाला मात्र आज, आत्ता सांगायचं साधन मिळतं.

मराठी घरातल्या मुलांसाठी दोन गोष्टींकडे लक्ष द्या.

एक, क्रियापदाचं लिंग. बहुतेक थेरपिस्ट स्त्रिया असतात. ताई म्हणते ‘मी खाते’, ‘मी जाते’, आणि ऐकलेलं तसंच्या तसं म्हणणारा मुलगा ‘मी जाते’ शिकतो. म्हणून बोलून दाखवताना मुलाच्या तोंडचं वाक्य बोला: मुलासाठी ‘मी जातो’, मुलीसाठी ‘मी जाते’. तसंच ‘तुला पाणी हवं का?’ असं विचारून त्याला पाणी देत राहिलात, तर तहान लागल्यावर तो ‘तुला पाणी हवं का’ असंच म्हणेल. त्याने म्हणायचं वाक्य ‘पाणी हवं’ किंवा ‘पाणी दे’ आहे, तेच ऐकवा.

दोन, भाषा कोणती. घरी मराठी, मोबाइलवर इंग्रजी बालगीतं, बालवाडीत मिश्रण आणि सेंटरमध्ये पुन्हा इंग्रजी आज्ञा, असा गोंधळ सर्रास दिसतो. ‘मूल इंग्रजीच बोलतं’ म्हणून घरच्यांनी आपली भाषा सोडू नये. मागण्याचे शब्द घरात जे बोलले जातात तेच निवडा. आजीला ‘हेल्प’ कळलं नाही तर त्या शब्दाचा घरी उपयोग काय? आगरी, मालवणी, अहिराणी बोलणारं घर असेल तर त्या घरातला शब्द लिहून घ्या आणि तोच वापरा.

आता ‘नको’. हे मुद्दाम शिकवा. न आवडणारी वस्तू पुढे करा, तो ढकलायच्या बेतात असताना ‘नको’चा शब्द, हात हलवण्याची खूण किंवा चित्र करवून घ्या आणि वस्तू ताबडतोब मागे घ्या. ‘संपलं’ही याच पद्धतीने. मग प्रश्न येतो: सगळ्यालाच नको म्हणू लागलं तर? सुरुवातीला म्हणतं. त्या दिवसांत त्याचं ‘नको’ शक्य तितकं माना. औषध, रस्ता ओलांडणं अशा, नकार मानता येत नाही त्या गोष्टींत पर्याय द्या. नकाराला मान मिळतो हे पक्कं कळल्यावर ‘आधी एक मणी, मग संपलं’ अशी छोटी तडजोड शिकवता येते. या मुलांना आयुष्यभर कोणी ना कोणी हात धरून नेणार, कपडे बदलणार, अंगाला हात लावणार. ‘नको’ म्हणता येणं हे त्यांच्या सुरक्षिततेचं पहिलं साधन आहे. ते मोडून आज्ञाधारकपणा शिकवणं मला मान्य नाही.

टेबलावरचं काम

सुट्या छोट्या फेऱ्यांमध्ये शिकवण्याच्या पद्धतीला ‘डीटीटी’ (डिस्क्रीट ट्रायल ट्रेनिंग) म्हणतात. एका फेरीचे भाग असे: तुमची सूचना, लागली तर मदत, मुलाचा प्रतिसाद, त्यावर तुमची कृती आणि मग क्षणभर विश्रांती.

समजा ध्येय आहे ‘चमचा दे’. टेबलावर चमचा, वाटी, रुमाल. मुलाचं लक्ष तुमच्याकडे आहे बघून एकदाच म्हणा: ‘चमचा दे’. तेच वाक्य चारदा म्हणू नका, नाहीतर चौथ्यांदा ऐकायची सवय लागते. नव्या ध्येयाला मदत आधीच द्या, चूक होऊ देऊ नका: त्याचा हात चमच्यापर्यंत न्या, काही फेऱ्यांनी फक्त कोपराला स्पर्श, मग बोट दाखवणं, मग काहीच नाही. मदत काढून घेणं हेच खरं कौशल्य आहे. नवख्या थेरपिस्टच्या सेशनमध्ये मूल ‘सगळं करतं’, कारण थेरपिस्टची नजर नकळत बरोबर वस्तूवर जात असते. जागा बदलत राहा, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवा. आणि हात धरून करवून घेताना मूल हात मागे ओढत असेल तर थांबा, ती मदत त्याला नको आहे.

सलग दहा फेऱ्या कंटाळवाण्या होतात. दोन-तीन सोप्या, येणाऱ्या गोष्टींमध्ये एक नवी, मग खेळ, असं चालवा. टेबलावर आलेलं टेबलावरच राहू नये म्हणून डब्याच्या वेळी चमचा मागा, खेळातल्या भातुकलीत मागा, आईला मागायला सांगा.

डेटा

प्रत्येक फेरी त्याच वेळी नोंदवा. स्वतःहून केलं तर अधिक, मदतीने केलं तर ‘म’, चुकलं तर उणे. सेंटरची खूण जी असेल ती. दहापैकी सहा स्वतःहून म्हणजे 60 टक्के. मदतीने झालेले यात धरायचे नाहीत. बऱ्याच ठिकाणी सलग काही सेशन 80 टक्के किंवा त्याहून जास्त आणि तेही दोन वेगळ्या माणसांबरोबर आलं की ध्येय पूर्ण मानतात. तुमच्या मुलाचा निकष त्याच्या फाइलमध्ये बघा.

दुपारी चार सेशनचा डेटा आठवून भरू नका. आणि आलेख चढता दिसावा म्हणून आकडा कधीही वाढवू नका. तीन आठवडे 30 टक्क्यांवर अडकलेलं ध्येय सुपरव्हायझरला सांगतं की शिकवण्याची पद्धत बदलायला हवी. तुम्ही 70 लिहिलंत तर ती बदलणार नाही, आणि मुलाचे महिने वाया जातील.

रडणं, फेकणं, चावणं

इथे सर्वात जास्त धीर लागतो. नवा माणूस घाबरतो, आणि घाबरला की एक तर सगळं देऊन टाकतो किंवा ताकद लावतो.

आधी नोंद. त्याआधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, त्यानंतर काय झालं, असे तीन रकाने. ‘चिडला, हट्ट केला’ ही नोंद नव्हे. नोंद अशी: ‘मणी ओवायचा डबा टेबलावर ठेवला. दोन्ही हातांनी डबा ढकलला, 40 सेकंद रडला. ताईने डबा उचलून कपाटात ठेवला, रडणं थांबलं.’ अशा पाच-सहा नोंदी जमल्या की दिसतं: या मुलाचं फेकणं काम टाळण्यासाठी आहे. वागण्यामागे साधारण चार हेतू शोधले जातात: कोणाचं लक्ष हवं, एखादी गोष्ट टाळायची आहे, एखादी वस्तू हवी आहे, किंवा त्या कृतीतूनच शरीराला काही मिळतं आहे. त्याआधी एक पाचवी गोष्ट तपासा: दुखतंय का? दात, कान, बद्धकोष्ठता, झोप. जे मूल बोलत नाही ते ‘पोटात दुखतंय’ असं डोकं आपटूनही सांगू शकतं. वागणं अचानक बदललं असेल तर आधी डॉक्टर.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी 1985 मध्ये चार मुलांवर केलेल्या अभ्यासात दाखवलं की त्रासदायक वागण्याऐवजी मदत किंवा लक्ष मागायचं वाक्य शिकवलं की ते वागणं कमी होतं. मात्र शिकवलेलं वाक्य त्या वागण्यामागच्या हेतूशी जुळायला हवं. मणी फेकणाऱ्या मुलाला ‘बॉल दे’ शिकवून फेकणं थांबणार नाही. त्याला ‘संपलं’ किंवा ‘मदत’ हवं आहे. आणि मणीच अवघड असतील तर मोठे मणी घ्या, तीनच ठेवा.

प्रत्यक्ष प्रसंगात काय करायचं? आवाज खाली आणा, शब्द कमी करा. सूचना देणं थांबवा. टोकदार, जड वस्तू बाजूला सरकवा, दुसरं मूल असेल तर बाहेर न्या. पंख्याचा, दिव्याचा, गर्दीचा त्रास असेल तर तो कमी करा. मिठी मारून जखडू नका; काही मुलांना घट्ट दाब आवडतो, पण ते त्याने मागितलं तरच. चावलं तर हात झटकू नका, उलट किंचित त्याच्या तोंडाकडे ढकला म्हणजे पकड सैल होते. मग जखम धुवा आणि नोंदवहीत लिहा. शांत झाल्यावर लगेच ‘आता काम पूर्ण कर’ नको. पाणी द्या, थोडा वेळ जाऊ द्या.

‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’ हा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. दुर्लक्षाने काही वागणी सुरुवातीला वाढतात, जोरात होतात, आणि स्वतःला इजा करणाऱ्या मुलासाठी ते धोक्याचं असतं. अशी कोणतीही योजना सुपरव्हायझरने लिहिलेली असल्याशिवाय आणि घरच्यांना मान्य असल्याशिवाय चालवू नका. घाबरलेल्या, आवाजाने कोलमडलेल्या मुलाकडे दुर्लक्ष करणं तर सरळ निष्ठुरपणा आहे.

काय बदलायचं नाही

आपल्या क्षेत्राचा इतिहास माहीत असावा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ईवार लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासात 19 मुलांना आठवड्याला 40 तास शिकवलं गेलं आणि त्यातली 9 मुलं सर्वसामान्य वर्गात टिकू शकली असं त्यांनी लिहिलं. त्यावर हे सगळं क्षेत्र उभं राहिलं. पण त्याच अभ्यासात मुलाला जोरात ‘नाही’ म्हणून ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही पद्धतीचा भाग होतं. आज मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक सांगतात की त्यांना वेगळं न दिसण्याचं शिक्षण दिलं गेलं आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. हे ऐकून घेणं आपलं कर्तव्य आहे.

म्हणून हात फडफडवणं, डोलणं, एकच ओळ परत परत म्हणणं, यांत इजा नसेल तर ते थांबवू नका. ‘माझ्याकडे बघ’ हे ध्येय फाइलमध्ये दिसलं तर सुपरव्हायझरना विचारा, कशासाठी? काही मुलं नजर वळवून अधिक नीट ऐकतात. कोणतंही ध्येय आलं की स्वतःला विचारा: हे आल्याने मुलाचं काय सोपं होईल? दात घासणं, चप्पल घालणं, दुखतंय ते दाखवणं, रांगेत थांबणं, याचं उत्तर लगेच मिळतं.

घरची माणसं

आठवड्यात तुमच्याकडे मूल काही तास असतं, बाकी सगळा वेळ घरी. गोव्यात ‘संगत’ या संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून ‘पास’ नावाचा अभ्यास झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी 65 मुलांपैकी साधारण निम्म्यांच्या आईवडिलांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते दाखवलं. त्या आईवडिलांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. सुरुवातीच्या पातळीवरच्या माणसाने हे लक्षात ठेवावं: नीट देखरेख असेल तर तुमचं काम मोलाचं ठरतं, आणि ते आईवडिलांच्या हाती पोचलं तर जास्तच.

सेशन संपल्यावर आईला तीन मिनिटं द्या. ‘आज छान होता’ एवढ्यावर भागवू नका. आज त्याने काय मागितलं, कसं मागितलं, घरी हेच कधी करता येईल: पोळी वाढताना, लिफ्टचं बटण दाबताना, अंघोळीच्या मगात. एकच गोष्ट सांगा. त्यांनी आधीच दिवसभर घर, नोकरी, सासरच्यांचे टोमणे आणि दोन थेरपींच्या रिक्षा केलेल्या असतात. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), नॅशनल ट्रस्टची 1 लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना, जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी केंद्र (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं) यांची माहिती अनेकांना नसते. योग्य माणसाकडे पाठवा.

मुलाचा फोटो, व्हिडिओ स्टेटसला ठेवू नका, चेहरा झाकूनही नाही. घरचं भांडण, पगार, दुसऱ्या मुलाचं निदान यांबद्दल कोणाशी बोलू नका. मात्र मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका आली तर गप्प बसायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याने (मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. सेंटरची बदनामी होईल म्हणून कोणी थांबवलं तरी थांबू नका.

सोडून जाताना

या नोकरीत माणसं टिकत नाहीत. लग्न, पुढचं शिक्षण, कमी पगार, थकवा, कारणं खरी असतात. जायचं ठरलं तर निदान काही सेशन नव्या थेरपिस्टसोबत मिळून घ्या. आधी ती नुसती खोलीत असेल, मग फुगे ती सोडेल, मग तुम्ही दाराजवळ बसाल. आणि एक कागद लिहून ठेवा: मूल काय कसं मागतं (‘पा’ म्हणजे पाणी, पण दोनदा ‘पा’ म्हणजे पाळणा), नको असलं की आधी काय करतं, कोणत्या आवाजाने कान झाकतं, शांत व्हायला काय लागतं, अजून कोणत्या ध्येयाला किती मदत लागते. मुलालाही कॅलेंडरवर दाखवून सांगा की या दिवसानंतर ताई येणार नाही, ही दुसरी ताई येईल. तो बोलत नसला तरी सांगा.